दिवाळीनंतरचे दिवस

कार्तिक लागला कीं आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते. फराळाचे डबे तळाला लागलेले असतात, त्यांत चकलीचा चुरा आणि शेवेचे तुकडे तेवढे उरलेले असतात, आणि घरांतील प्रौढ गृहस्थ कमरेचा पट्टा एक भोक सैल करीत म्हणत असतात, "या दिवाळीनें घात केला!" मग दुसऱ्या दिवसापासून पहांटे फिरावयास जाण्याचे, रात्रींचें जेवण सोडण्याचे, दुधी भोपळ्याच्या रसावर राहण्याचे निश्चय होतात. ते चार-सहा दिवस टिकतात न टिकतात, तोंच तुळशीच्या लग्नाचें आमंत्रण येतें.

आजच्या भाषणांत या तक्रारीचा थोडासा इतिहास सांगावा असा विचार आहे. लाडू-करंज्या कांहीं आज नव्यानें निघालेल्या नाहींत. आपल्या पणज्यांनीं त्या केल्या आणि पणजोबांनीं त्या खाल्ल्या. मग सणाचें वजन सण संपल्यावर उतरेनासें केव्हांपासून झालें, आणि कां झालें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारण्यासारखा आहे. माझें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. सण पूर्वीं एकटा येत नसे. त्याच्या पुढेंमागें कष्ट आणि उपास असे दोन सोबती असत. आपण सण ठेवला. सोबत्यांपैकीं एकाला रजा दिली, आणि दुसऱ्याला फराळाला बसविलें.

मराठी भाषेला लठ्ठपणाचें भय फारसें कधीं वाटलेलें दिसत नाहीं. तान्हें मूल बाळसें धरतें, लग्न झालेली मुलगी अंग धरते, सुखवस्तु माणूस खात्यापित्या घरचा दिसतो. हे सारे शब्द कौतुकाचे आहेत. उलट 'वाळला', 'सुकला', 'हडकला', 'गालफडें बसलीं' या शब्दांत काळजी आहे. ज्या देशांत दर पिढीला एखादा तरी दुष्काळ पाहावा लागे, त्या देशाच्या भाषेनें असेंच बोलावें हें स्वाभाविक होतें. १९७२ च्या दुष्काळांत परदेशचा मिलो आणि सरकारी सुकडी खाऊन ज्यांनीं दिवस काढले, त्यांच्या नातवंडांना आज आहारतज्ज्ञाकडे जावें लागत आहे. हा पालट अवघ्या पन्नास वर्षांतला आहे. इतक्या थोड्या काळांत भाषा बदलत नाहीं, मग आजीचा आग्रह तरी कसा बदलावा?

वजन करण्याची गोष्टहि अशीच. आपल्या इतिहासांत माणसाला तराजूंत बसवीत तें दानासाठीं. १६७४ मध्यें रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगीं तुलादान झालें. त्या सुमारास गडावर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन यानें, महाराजांच्या भारंभार सुमारे १६,००० होन भरले, अशी नोंद केली आहे. त्या नोंदींत महत्त्व सोन्याला आहे. त्याच शतकांत इटलींतील सांतोरियो नांवाचा वैद्य मात्र टांगलेल्या खुर्चींत बसून स्वतःचें वजन करीत असे. आपण खातों-पितों किती, बाहेर टाकतों किती, आणि मध्येंच नाहींसें होतें तें कोठें जातें, हें शोधण्याचा त्याला छंद होता. त्याचें पुस्तक १६१४ मध्यें प्रसिद्ध झालें. आपल्याकडे सामान्य माणसाला स्वतःचें वजन कळूं लागलें तें बहुधा रेल्वेच्या फलाटावर. मुंबईच्या लोकल स्थानकांवर रंगीत दिवे लुकलुकणारीं वजनाचीं यंत्रें एके काळीं सर्रास असत. नाणें टाकलें कीं जाड कागदाचें एक छोटें तिकीट बाहेर पडे; एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. आधीं भविष्य वाचण्याची रीत होती.

आतां कष्टांकडे वळूं, आणि त्यासाठीं एक गांव डोळ्यांपुढें घेऊं. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाडनंतर आंबिवली लागतें, आणि त्यापुढें टिटवाळा. जवळून उल्हास नदी वाहते. काळू नदीहि याच परिसरांत तिला येऊन मिळते. आज हा भाग कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेंत मोडतो आणि दाट वस्तीनें भरून गेला आहे. परंतु मुळांत हा भाताचा मुलूख. ज्येष्ठांत रोप टाकावयाचें, आषाढांत गुडघाभर चिखलांत वांकून लावणी करावयाची, श्रावण-भाद्रपदांत बेणणी, आणि आश्विन-कार्तिकांत कापणी, असें येथील वर्ष होतें. भाताच्या जाती दोन प्रकारच्या. हळवें भात लवकर तयार होतें, तें दिवाळीच्या आधीं कापलें जाई. गरवें भात मागाहून, दिवाळी झाल्यावर. म्हणजे येथील शेतकऱ्याची दिवाळी दोन कापण्यांच्या मध्यें येत असे. आदल्या आठवड्यांत विळा हातांत असे, आणि पुढच्या आठवड्यांत तोच विळा पुन्हां हातांत येई. नंतर भारे वाहणें, उडवी रचणें, झोडणी, वारवणी. हें काम दोन-चार दिवसांचें नसून आठवडेच्या आठवडे चालणारें, आणि तें सारें पाठीनें आणि दंडांनीं करावयाचें.

बायकांचे कष्ट याहून वेगळे, पण कमी नव्हेत. भात उखळांत कांडावयाचें, पीठ जात्यावर दळावयाचें, पाणी नदीवरून किंवा विहिरीवरून डोक्यावर आणावयाचें. एक शेर बेसनाचे लाडू आज आपण दुकानांतून आणतों, किंवा फार तर पिठाची पिशवी फोडून करतों. तो लाडू ज्या काळीं जात्यापासून सुरू होत असे, त्या काळीं खाण्याआधींच त्याची बरीचशी किंमत अंगमेहनतीनें चुकती झालेली असे. शिवाय लाडू होते तरी किती? कोंकणपट्टींत नरकचतुर्दशीच्या सकाळीं मुख्य मान असे तो नव्या भाताच्या पोह्यांना. गोडाचे, दुधाचे, ताकाचे, असे त्यांचेच चार प्रकार. तेल-तूप आणि साखर विकत आणावी लागे, आणि ती बेतानेंच आणली जाई. ज्याला आपण आज 'फराळाचें ताट' म्हणतों, त्यांतील पांच-सात जिन्नसांची आरास ही मुख्यतः शहरी पांढरपेशा घरांतली. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' हें हजार पाककृतींचें पुस्तक निघालें, आणि पुढें १९७० मध्यें कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' घरोघर गेलें. अशा पुस्तकांनीं एका घरचे, एका जातीचे किंवा एका गांवचे पदार्थ सर्वांचे केले. याबद्दल मी त्यांना दोष देत नाहीं. उलट मराठी संसारावर त्यांचे उपकार आहेत. परंतु चाळींतल्या दहा बिऱ्हाडांनीं एकमेकांकडे दहा ताटें पाठवावयाचीं म्हटल्यावर प्रत्येक घरांत किती फराळ येऊन पडतो, याचा हिशेब कोणत्याहि पाकपुस्तकांत नसतो.

हा झाला पहिला सोबती. दुसरा सोबती म्हणजे उपास, आणि त्याची कथा अधिक मनोरंजक आहे.

जुनें पंचांग नुसतें चाळलें तरी दिसतें कीं, जेथें भरपेट खाण्याचा दिवस आहे तेथें जवळपास आवरण्याचाहि दिवस आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशीं कांद्याचे हवे तितके प्रकार करावेत, कारण दोनच दिवसांनीं चातुर्मास लागतो आणि अनेक घरांत कांदा, लसूण, वांगें हीं चार महिने बंद होतात. तीं उघडतात चंपाषष्ठीला, वांग्याच्या भरितानें. आषाढी अमावास्येला मांसाहारी घरांत जें कांहीं व्हावयाचें तें होऊन जातें, आणि मग श्रावणभर तें दार मिटतें. आंबिवलीच्या बाजूच्या आगरी-कोळी घरांतून हा नियम आजहि कसोशीनें पाळणारे पुष्कळ आहेत. सर्वांत सुंदर जोडी मात्र भाद्रपदांतली. शुद्ध चतुर्थीला गणपतीपुढें एकवीस मोदकांचा नैवेद्य, आणि लगेच दुसऱ्या दिवशीं ऋषिपंचमी. त्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें कांहीं खावयाचें नाहीं. म्हणजे नांगरलेल्या शेतांतलें धान्य नाहीं. अळू, माठ, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याचीं कणसें अशा परसांतल्या वस्तूंची एकत्र शिजविलेली, बेताच्या तिखटामिठाची भाजी. हें व्रत स्त्रियांचें. पण भाजी घरांत सारेच खातात, आणि मोदकांनंतर ती जिभेला इतकी गोड लागते कीं विचारूं नये. आहारशास्त्रज्ञ आज ज्याला तंतुमय आहार म्हणतात, तो सणाच्या दुसऱ्याच दिवशीं पानांत पडावा अशी ही योजना आहे. ती कोणी वजन उतरविण्यासाठीं केली असें माझें म्हणणें नाहीं. तिचा हेतु धार्मिक होता. पण परिणाम तो झाल्यावांचून राहत नसे.

दिवाळीचेंहि तेंच. अलीकडे नवरात्राचे नऊ उपास, पलीकडे कार्तिकी एकादशी. मध्यें वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत खाण्याचे दिवस.

मग बिघडलें कोठें? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपणा सर्वांना ठाऊक आहे. उपासाची थट्टा करण्याइतका उपास पूर्वींपासूनच सैल झालेला होता, एवढें त्या म्हणीवरून कळतें. परंतु त्याला खरा मेद चढला तो परदेशच्या वस्तूंनीं. आपल्या उपासाच्या ताटांत आज जें असतें त्यांतील बहुतेक माल अमेरिका खंडांतला आहे. बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची, राजगिरा हीं सारीं तिकडचीं पिकें. कोलंबसाच्या सफरीनंतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तीं जगभर पसरलीं. साबुदाणा प्रथम मलायाकडच्या एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यापासून होत असे. आतां तो तामिळनाडूंतील सेलमच्या बाजूस कसावा नांवाच्या कंदापासून होतो, आणि हा कंदहि मूळचा अमेरिकेचाच. नवी वस्तु शास्त्रांत निषिद्ध नव्हती, कारण ती शास्त्रकारांना माहीतच नव्हती. या फटींतून ती उपासांत शिरली, आणि वरीच्या तांदळाला तिनें मागें सारलें. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यांत शेंगदाण्याचें कूट आणि तूप घातलें, वर बटाट्याचा कीस आणि गोड दही घेतलें, कीं उपास जेवणाहून जड होतो. माझ्या मतें मराठी आहाराच्या इतिहासांतील ही सर्वांत दुर्लक्षित क्रांति आहे. निग्रहाचा दिवस आपण पंचांगांतून काढून टाकला नाहीं. त्याला तेथेंच ठेवून आंतून बदलून टाकलें.

आंबिवलीच्या शेजारच्या टिटवाळ्याला महागणपतीचें प्रसिद्ध देवालय आहे. अंगारकी चतुर्थीला, म्हणजे मंगळवारीं येणाऱ्या संकष्टीला, त्या वाटेनें जाणाऱ्या गाड्यांना भाविकांची अपार गर्दी असते. संकष्टीचा उपास दिवसभराचा; तो चंद्रोदयानंतर सोडावयाचा, आणि वद्य चतुर्थीचा चंद्र बहुधा रात्रीं नवाच्या सुमारास उगवतो. पूर्वीं दिवसभर खरोखरच कांहीं न खातां हें व्रत करीत, तेव्हां रात्रींचे मोदक हें त्या दिवसाचें एकमेव अन्न असे. आज दिवसा खिचडी आणि रात्रीं मोदक अशी दुहेरी तरतूद झाली असेल, तर त्यांत गणपतीचा दोष नाहीं.

आतां सुबत्ता कशी आली तें थोडक्यांत पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ पासून, मुंबईंत धान्य शिधापत्रिकेवर मिळूं लागलें, साखरहि मोजून मिळे. त्याच्या आधीं कांहीं वर्षें, १९३७ मध्यें, 'डालडा' हें वनस्पति तूप बाजारांत आलेलें होतें; तळण स्वस्त झालें तें त्यामुळें. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढें पाहतां पाहतां महाराष्ट्र साखरेचा प्रांत बनला. इकडे आंबिवलीजवळ मोहने येथें १९४६ मध्यें स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला. भाताच्या मुलखांत पाळीचें घड्याळ आलें. शेतकऱ्याच्या दिवाळीला कापणीचा आधार होता. कामगाराच्या दिवाळीला बोनसाचा आधार मिळाला, आणि १९६५ च्या कायद्यानें तो पक्का झाला. हा बोनस कष्टाचा होता, त्यावर घरांत आनंदहि होई, आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु कापणी अंगावरची चरबी झडविते. बोनसाच्या अंगीं तो गुण नाहीं. २००९ मध्यें तो कारखाना बंद पडला. आज या बाजूचा नोकरदार पहांटे गाडी पकडतो, मुंबईपर्यंतचें सुमारे ६० किलोमीटरचें अंतर गर्दींत उभा राहून कंठतो, दिवसभर खुर्चीवर बसतो आणि रात्रीं उशिरां घरीं येऊन जेवतो. दमतो तो शेतकऱ्याइतकाच. पण त्या दमण्यानें लाडू जिरत नाहीं.

येथें आधुनिक वैद्यकाचे दोन-तीन शोध सांगणें अवश्य आहे, कारण प्रश्नाचें खरें गांभीर्य त्यांवरून कळतें. अमेरिकेंत २००० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सणांचा हंगाम असतो. त्या काळांत १९५ प्रौढांचीं वजनें वेळोवेळीं घेतलीं. सरासरी वाढ निघाली अवघी ०.३७ किलो. आपलें वजन जेवढें वाढलें असें त्या मंडळींना वाटत होतें, त्याहून हें पुष्कळच कमी. मग भिण्याचें कारण काय? कारण एवढेंच कीं, ही लहानशी वाढ पुढच्या महिन्यांत उतरली नाहीं. दर वर्षीं पाव-अर्धा किलो शिल्लक राहिला तर वीस दिवाळ्यांनंतर माणूस कोठें पोंचतो, हा हिशेब शाळकरी मुलगाहि करील.

दुसरा शोध आपल्या पुण्याचा आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांत संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचें छायाचित्र २००४ मध्यें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत आलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक काढतात तो दोघांचाहि अगदीं सारखा, २२.३, दिसावयास दोघेहि सडपातळ. पण शरीरांतील चरबी मोजली तेव्हां इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि मराठी डॉक्टरांची २१.२ टक्के! आपण हिंदी लोक वरून बारीक असलों तरी आंतून स्थूल असूं शकतों, आणि ती चरबी पोटाभोवतीं सांठते, असा त्याचा अर्थ. म्हणूनच युरोपीयांसाठीं धोक्याचा मानलेला अंक २५ असला, तरी आपल्यासाठीं तो २३ धरतात. आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आंत असावा असें सांगतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांत मधुमेही सुमारे १० कोटि १० लाख, आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटि ६० लाख, असा अंदाज निघाला. पट्ट्याचें तें एक भोक थट्टेवारीं नेण्यासारखें नाहीं तें यामुळें.

तथापि भाऊबीजेच्या सकाळीं कांट्यावर उभें राहून घाबरून जाण्याचेंहि कारण नाहीं. चार दिवसांत जे दोन किलो वाढलेले दिसतात, त्यांतील मोठा भाग पाण्याचा असतो. खारट चिवडा-शेवेबरोबर मीठ जातें, मीठ पाणी धरून ठेवतें. गोडाची जी साखर यकृतांत आणि स्नायूंत सांठते तीहि आपल्याबरोबर पाणी सांठविते. साधें जेवण सुरू झालें कीं आठवडाभरांत हें ओझें आपोआप उतरतें. एक किलो खऱ्या चरबीला सुमारे ७,७०० कॅलरी लागतात. इतकें जास्तीचें खाणें चार दिवसांत होणें कठीण. आठवडाभरानंतर जें उरतें तेंच सणाचें खरें देणें.

तें फेडावें कसें, याचें उत्तर देतांना पुष्कळांना चरकाची आठवण होत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल माणसाचें सविस्तर विवेचन आहे. स्थूलतेचीं कारणें म्हणून अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप हीं तर सांगितलीं आहेतच. शिवाय बीजाचा स्वभाव, म्हणजे आनुवंशिकताहि, त्यानें सांगितली आहे. आणखी दोन कारणें त्यानें दिलीं आहेत: सदा आनंदांत असणें आणि चिंता नसणें. सकाळच्या कसारा लोकलमध्यें चिंता नसलेला मनुष्य शोधून सांपडणार नाहीं, तरी पोटें सुटलेलींच आहेत. तेवढा भाग आपल्या काळाला लागू नाहीं असें म्हणावें लागतें. उलट अपुरी झोंप आणि मनावरचा ताण यांनीं भूक वाढते, असेंच आजचें शास्त्र सांगतें. पण उपचाराची दिशा पाहण्यासारखी आहे. स्थूल माणसाला असें अन्न द्यावें कीं जें पचावयास जड, परंतु पोषणाला हलकें असेल. म्हणजे पोट भरेल आणि अंग वाढणार नाहीं. सातू, मूग, कुळीथ, ताक या त्याच्या आवडीच्या वस्तु. भाजी-उसळींनीं पानाचा अर्धा भाग व्यापावा असें आजचे डॉक्टर सांगतात, तें याहून फारसें निराळें नाहीं. आणि व्यायाम वाढवावा तो क्रमाक्रमानें, यावर त्याचा भर आहे.

याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायांत वाईट संवय सोडण्याची आणि चांगली धरण्याची रीत दिली आहे. एकदम सोडूं नये, एकदम धरूं नये. चौथाई चौथाईनें पुढें जावें आणि मध्यें एक, दोन, तीन दिवसांचें अंतर ठेवीत जावें. दिवाळीनंतर एका रात्रींत संन्यास घेणाऱ्या मंडळींनीं हा अध्याय अवश्य वाचावा. एकदम उपाशी राहिल्यानें काय होतें याची कठोर परीक्षा अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ मध्यें ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें केली. छत्तीस धडधाकट तरुण स्वेच्छेनें सहा महिने अर्धपोटीं राहिले आणि त्यांचें वजन सुमारे चौथ्या हिश्शानें घटलें. पण त्या काळांत त्यांना अन्नावांचून दुसरें कांहीं सुचेना. कोणी पाकपुस्तकें वाचूं लागला, कोणी ताट चाटूं लागला. आणि बंधन सुटल्यावर त्यांतील कित्येकांनीं पोट भरलें तरी खाणें थांबविलें नाहीं. उंची-वजनाच्या अंकाला आज जगभर जें नांव रूढ आहे, तें १९७२ मध्यें देणारा तो हाच कीज.

व्यायामानें सारें भरून निघेल ही समजूतहि तपासून घ्यावी. ज्या लाडूंत दहा ग्रॅम तूप आणि दहा ग्रॅम साखर आहे, त्यांत त्या दोहोंच्याच १३० कॅलरी झाल्या, पीठ वेगळेंच. तासभर चालल्यानें मध्यम वजनाच्या माणसाच्या जास्तीच्या दोनशें-अडीचशें कॅलरी खर्च होतात. तेव्हां डबा बंद केल्यावांचून चालण्याचा उपयोग थोडा. चालण्याचें खरें काम दुसरें आहे. तें उतरलेलें वजन उतरलेलें ठेवतें आणि रक्तांतील साखर ताब्यांत आणतें. जेवणानंतर पंधरा मिनिटांची शतपावलीहि यासाठीं पुरते.

या बाबतींत औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें उदाहरण मला मोलाचें वाटतें. तरुणपणीं त्यांनीं युरोपांतील प्रसिद्ध मल्ल सँडो याच्या पद्धतीनें कांहीं वर्षें व्यायाम केला, आणि पुढें तो सोडून सूर्यनमस्कार धरले. १९२८ मध्यें त्यांनीं त्यावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आपल्या संस्थानांतील शाळांतून मुलामुलींना नमस्कार घालावयास लावले. त्यांचा आग्रह नित्यतेचा होता. साधन लागत नाहीं, जागा लागते ती सतरंजीएवढी, आणि घरांतील पुरुष, स्त्रिया, मुलें सर्वांना एकत्र करतां येतें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्यांना हें आजहि तितकेंच सोयीचें आहे.

अलीकडे, २०१८ च्या सुमारास, लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनदांच जेवण्याची पद्धति महाराष्ट्रभर पसरविली. तिचें मूळ त्यांनीं डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांत सांगितलें. तिच्या विरुद्धहि पुष्कळ लिहिलें गेलें, आणि तो वाद मराठी घराघरांत रंगला. मला त्यांत इतिहासाच्या दृष्टीनें एवढेंच दिसतें कीं, दोन वेळां जेवणें ही आपल्या शेतकऱ्यांची आणि वारकऱ्यांची जुनीच चाल. मधल्या वेळचा चहा, बिस्किट आणि वडापाव हीच काय ती नवी भर. मात्र ज्यांना मधुमेहाचीं औषधें किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून जेवण चुकवूं नये, एकादशीलाहि नाहीं. साखर एकाएकीं उतरून जिवावर बेततें.

भाऊबीज ते कार्तिकी एकादशी यांमध्यें नऊ दिवस मिळतात. चरकाच्या रीतीनें त्यांची वांटणी सहज करतां येईल. पहिल्या दोन-तीन दिवसांत उरलेला फराळ डब्यांतून काढून कामवाल्या बाईंच्या, रखवालदाराच्या, कचेरींतल्या सोबत्यांच्या हवालीं करावा. तो शिळा होण्याची वाट पाहूं नये. पुढचे दोन-तीन दिवस चहाबरोबरचें खाणें बंद. मग रात्रींचें जेवण एक तास अलीकडे आणावें, निदान सुटीच्या दिवशीं तरी. ज्याला गाडीमुळें तें शक्य नाहीं, त्यानें संध्याकाळीं घरून नेलेले फुटाणे किंवा एखादें फळ खाऊन रात्रीं पानांत भात अर्धा करावा. एकादशीला वरीचा भात, ताक, काकडी; साबुदाण्याला यंदां रजा. शिंप्याची फीत घेऊन बेंबीच्या पातळीवर कमरेचें माप भाऊबीजेला घ्यावें आणि एकादशीला पुन्हां घ्यावें. कांट्यापेक्षां ती फीत आपल्यासारख्यांना अधिक खरें सांगते. द्वादशीपासून तुळशीचीं लग्नें लागतील. तेथें ऊंस, बोरें, चिंचा आणि आवळे मांडलेले असतात. आवळे आणि बोरें मागून घ्यावींत. पेढे वांटणारी मुलें तोंवर पुढच्या दाराशीं गेलेलीं असतात.